काल तुम्ही कुठे कुठे गेलात?

आज सुरुवात एका साध्या प्रश्नाने करू. काल दिवसभरात तुम्ही कुठे कुठे गेलात? घरून कॉलेज, कॉलेजहून क्लास, मधेच चहा, मग परत घरी. कशाने गेलात? कशासाठी? किती वाजता?

१९५६ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात हेच प्रश्न घेऊन माणसं दारोदार फिरत होती. दर तीस घरांमागे एक घर, असं करत सुमारे पन्नास हजार घरांची निवड झाली होती. मिळालेल्या उत्तरांवरून पुढच्या पंचवीस वर्षांचे हायवे ठरणार होते. म्हणजे कुणाच्या दाराशी रस्ता येणार आणि कुणाचं घरच रस्त्याखाली जाणार, तेही.

आता थोडं मागे जाऊ. त्याच १९५६ साली अमेरिकेने ४१,००० मैलांचं हायवेचं जाळं बांधायचा कायदा केला. पैसा होता, जिद्द होती. पण शहरात शिरल्यावर रस्ता न्यायचा कुठून? जुनी पद्धत सोपी होती. रस्त्याच्या कडेला उभं राहून गाड्या मोजायच्या आणि वाढीचा अंदाज बांधायचा. यात एक गोची होती. आज या पुलावरून किती गाड्या जातात ते कळतं, पण त्या माणसाला मुळात जायचंय कुठे, ते कळत नाही. दुसरा पूलच नसेल तर तो बिचारा याच पुलावर दिसणार ना!

१९५४ मध्ये मिचेल आणि रॅपकिन या दोन अभ्यासकांनी एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की वाहतूक जमिनीच्या वापरातून जन्मते. जिथे घरं आहेत तिथून सकाळी माणसं निघणार, जिथे कारखाने आहेत तिथे पोचणार. त्यामुळे उद्या कुठे वस्ती होईल आणि कुठे कारखाना येईल याचा अंदाज बांधता आला, तर उद्याची गर्दीही मांडता येईल.

डग्लस कॅरोल यांनी हा विचार आधी डेट्रॉइटमध्ये वापरला आणि १९५५ पासून शिकागोत मोठ्या प्रमाणावर राबवला. त्यातून जी पद्धत घडत गेली, ती चार प्रश्नांची. प्रत्येक भागातून किती फेऱ्या निघतील? त्या कुठे जातील? गाडीने की बस-ट्रेनने? आणि कोणत्या रस्त्याने? चारही उत्तरं एकामागोमाग काढायची, की भविष्यातली वाहतूक कागदावर आली. आजही जगभरातले प्लॅनर याला ‘फोर-स्टेप मॉडेल’ म्हणतात.

यातला चौथा प्रश्न सगळ्यात अवघड. हजारो चौकांच्या जाळ्यातून सगळ्यात जवळची वाट हाताने शोधणार कोण? इथे कामी आली बेल लॅब्जमधल्या एडवर्ड मूर यांची युक्ती. भूलभुलैयातून सर्वांत लहान वाट शोधायची रीत त्यांनी १९५७ मध्ये मांडली होती. शिकागोच्या टीमने ती कॉम्प्युटरवर चढवली. तुमच्या फोनवरचा मॅप ‘सर्वांत लवकर पोचवणारा रस्ता’ दाखवतो ना, तो याच घराण्यातला.

१९६२ मध्ये शिकागोचा आराखडा तयार झाला. लक्ष्य होतं १९८० साल. चांगला आराखडा कोणता, याची कसोटीही ठरलेली होती: बांधकामाचा खर्च अधिक प्रवाशांचा वेळ, इंधन आणि अपघात यांचा खर्च, ही बेरीज कमीत कमी हवी. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला, की १९६५ पासून पन्नास हजारांवर लोकवस्तीच्या शहरी भागांना हायवेसाठी केंद्राचा पैसा हवा, तर असं सर्वंकष नियोजन करावंच लागेल. झालं! मॉडेल शहरोशहरी पोचलं.

पण १९६२ मध्येच अँथनी डाउन्स नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने वेगळंच काही मांडलं. शहरात नवा एक्स्प्रेसवे बांधला की गर्दीच्या वेळी तो पुन्हा भरतो. कारण आधी दुसऱ्या वाटेने, दुसऱ्या वेळी किंवा ट्रेनने जाणारे लोक तिकडे वळतात. म्हणजे रस्ता मागणी पुरवतो, तशीच निर्माणही करतो. मॉडेलमध्ये मात्र मागणी आधी आणि रस्ता नंतर, असा क्रम होता.

दुसरी अडचण त्या बेरजेत होती. प्रवाशाची वाचलेली मिनिटं त्यात धरली होती. पण मोहल्ला तुटला, शेजार गेला, ओळखीचं दुकान गेलं, याचा रकाना कुठे होता?

हा रकाना लोकांनीच उघडला. शिकागोच्या पश्चिम भागातून ‘क्रॉसटाउन एक्स्प्रेसवे’ न्यायचा होता. हजारो लोकांना घरं सोडावी लागणार होती. विरोध पेटला. १९७२ मध्ये डॅन वॉकर याच विरोधाचा मुद्दा घेऊन गव्हर्नरपदाची निवडणूक जिंकले. शेवटी १९७९ मध्ये प्रकल्प रद्द झाला आणि त्याचा पैसा सार्वजनिक वाहतूक आणि इतर रस्त्यांकडे वळला. त्यातूनच १९९३ मध्ये मिडवे विमानतळापर्यंतची ऑरेंज लाइन ट्रेन धावू लागली. मॉडेलने हायवे सांगितला होता, लोकांना मिळाली ट्रेन.

हे सगळं दूरदेशीचं वाटतंय? मग ऐका. डिसेंबर १९६२ मध्ये विल्बर स्मिथ अँड असोसिएट्स या अमेरिकन कंपनीने मुंबईच्या वाहतुकीचा अभ्यास सुरू केला. त्यांनी फ्रीवे सुचवले. त्यातल्या ‘वेस्ट आयलंड फ्रीवे’चा एक तुकडा २००९ मध्ये खुला झाला. तुम्ही त्याला ओळखता: बांद्रा-वरळी सी लिंक. सुचवलं तेव्हा मुंबईचा बहुतेक माणूस लोकलने, बसने किंवा पायी फिरत होता. बांधलं तेव्हाही.

मॉडेल वाईट असतं, असं मी म्हणत नाही. आकड्यांशिवाय रस्ते आखले, तर ज्याचा वशिला मोठा त्याच्या दारात हायवे जाईल. पण पुढच्या वेळी बातमीत ‘२०५० पर्यंत एवढी वाहनं येणार, म्हणून हा कॉरिडॉर हवाच’ असं ऐकलंत, तर तीन गोष्टी विचारा. फेऱ्या कुणाच्या मोजल्या, पायी चालणाऱ्यांच्याही का? रस्ता झाल्यावर वाढणारी गर्दी धरली का? आणि तोच पैसा ट्रेनवर घातला तर काय होईल, हे कुणी चालवून पाहिलं का?

काल तुम्ही कुठे कुठे गेलात, त्याचं उत्तर तुमच्याकडे आहेच. ते कुणी विचारलंय का, तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात!