हौसेचं मोल

मराठीत म्हण आहे, हौसेला मोल नाही. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार शंभराहून अधिक वर्षं याच तत्त्वावर चालला. मोल मात्र पहिल्या दिवसापासून होतं. ते खेळाडूच्या हाती पडत नव्हतं.

३ ऑगस्ट १८५२ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी सरोवरावर हार्वर्ड आणि येलच्या मुलांची नौकाशर्यत झाली. अमेरिकेतली ही पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. मुलांचा खर्च उचलला एका रेल्वे कंपनीने, कारण सरोवराकडे जाणाऱ्या गाड्यांना तिला प्रवासी हवे होते. जिंकलेल्या हार्वर्डला चांदीने मढवलेली वल्ही मिळाली.

पुढे अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर मुलं दगावू लागली, तेव्हा १९०६ मध्ये आज एनसीएए म्हणून ओळखली जाणारी संघटना उभी राहिली. खेळाडू हौशीच असला पाहिजे, हा तिचा दंडक. १९५६ पासून खेळासाठी शिष्यवृत्ती देता येऊ लागली, पण त्यापलीकडे स्वतःच्या नावावर कमावलं की खेळणं बंद.

या व्यवस्थेचा कणा एका शब्दात आहे. १९५३ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने सरावात जखमी झालेल्या डेन्व्हर विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूला विद्यापीठाचा कर्मचारी मानून भरपाई मंजूर केली. दोन वर्षांनी त्याच राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा रे डेनिसन डोक्याला मार लागून गेला. त्याच्या पत्नीनेही भरपाई मागितली, पण १९५७ मध्ये त्याच न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू कर्मचारी ठरण्याची धास्ती एनसीएएने घेतली होती, आणि त्याच काळात तिने ‘स्टुडंट-अॅथलीट’ हा जोडशब्द घडवून सगळीकडे वापरायला लावला. संघटनेचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या पुस्तकात याची कबुली दिली, आणि आयुष्यभर चालवलेल्या या व्यवस्थेवर कडक टीकाही केली. शब्द गौरवाचा वाटतो, पण तो घडला भरपाई टाळण्यासाठी. मला हे या साऱ्या इतिहासातलं सर्वांत क्रूर पान वाटतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालाने दूरचित्रवाणीचे हक्क विद्यापीठांना स्वतंत्रपणे विकता येऊ लागले आणि पैशांचा ओघ वाढला. नियम जागेवरच राहिले. २०१० मध्ये जॉर्जिया विद्यापीठाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःच्या अंगावरची जर्सी हजार डॉलरना विकली म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं गेलं.

कोंडी फोडली एड ओ’बॅननने. १९९५ मध्ये यूसीएलएला बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा हा खेळाडू. अनेक वर्षांनी एका मित्राच्या घरी त्याला व्हिडिओ गेममध्ये तो स्वतःच दिसला: तीच चण, डावखुरा, ३१ क्रमांकाची जर्सी. फक्त नाव नव्हतं. ना परवानगी, ना पैसा. २००९ मध्ये तो कोर्टात गेला, आणि २०१४ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएचे निर्बंध स्पर्धाविरोधी ठरवले.

३० सप्टेंबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियाने कायदाच केला: नाव, प्रतिमा आणि चेहरामोहरा ज्याचा, कमाई त्याची. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अॅल्स्टन या माजी खेळाडूच्या खटल्यात ९-० ने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. १ जुलैला दारं उघडली, आणि त्याच दिवशी हेली आणि हॅना कॅव्हिंडर या बास्केटबॉल खेळणाऱ्या जुळ्या बहिणींनी मोबाइल कंपनीशी करार केला. त्यांचं भांडवल होतं समाजमाध्यमांवरचा चाहतावर्ग. पाठोपाठ श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी निधी उभारले आणि ‘जाहिराती’च्या नावाखाली चक्क पगार सुरू झाले. ६ जून २०२५ रोजी त्याच न्यायाधीश विल्कन यांनी खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या तडजोडीला मान्यता दिली: माजी-आजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची थकबाकी, शिवाय पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंमध्ये थेट २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटण्याची मुभा.

पुण्या-मुंबईतून टेनिस वा गोल्फच्या शिष्यवृत्तीवर मुलांना तिकडे धाडणाऱ्या पालकांनी एक गोष्ट नीट वाचावी. परदेशी विद्यार्थ्याच्या एफ-१ व्हिसावर कॉलेजाबाहेर काम करण्यावर कडक बंधनं आहेत, आणि अमेरिकेत राहून केलेली जाहिरात हे काम धरलं जाऊ शकतं. शेजारच्या कोर्टवरची अमेरिकन मुलगी करार करते म्हणून आपल्या मुलीने सही करू नये. आधी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात आणि व्हिसाच्या वकिलाकडे विचारावं.