पट आणि पंतोजी

बारामतीस कऱ्हेच्या कांठीं नाइकांच्या आश्रयानें राहून मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) आयुष्याचीं कितीएक वर्षें पुराण सांगण्यांत घालविलीं. पुराणिकापुढें दहा माणसें बसोत कीं दोनशें बसोत, त्याच्या कामांत फारसा फरक पडत नाहीं. आवाज थोडा चढवावा लागतो इतकेंच. पंतोजीची गोष्ट निराळी. त्याच्यासमोर धूळपाटीवर बोट फिरविणारें प्रत्येक मूल आपापल्या परीनें चुकत असतें, आणि ज्याची त्याची चूक निराळी पाहावी लागते. एका शिक्षकापुढें मुलें किती असावींत, हा प्रश्न आज संचमान्यता, समायोजन, अतिरिक्त शिक्षक असल्या कचेरीच्या शब्दांत विचारला जातो; परंतु मुळांत तो पुराणिक आणि पंतोजी यांच्यामधील या भेदाचा प्रश्न आहे. गेल्या दोनशें वर्षांत त्याचें उत्तर आपल्याकडे कोणीं व कशाच्या आधारें दिलें, हें पाहण्यासारखें आहे.

मुंबई इलाख्यांत १८२९ सालीं झालेल्या गणतींत १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी आढळले. म्हणजे शाळेमागें सरासरीनें वीस-एकवीस मुलें. बहुतेक शाळा गांवकीच्या, देवळांत किंवा एखाद्या सुखवस्तु गृहस्थाच्या पडवींत भरणाऱ्या. पंतोजीस मुलामागें थोडे पैसे आणि सणावारीं शिधा मिळे. आजच्या कायद्यालाही मान्य व्हावी अशी ही संख्या पाहून कोणास जुन्या काळाचा अभिमान वाटेल. पण तो वाटण्याचें कारण नाहीं. त्या वीसांत मुली जवळजवळ नव्हत्या, अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें नव्हतीं, कुणब्याचीं असलीं तर थोडीं. वर्ग लहान होता, कारण दार अरुंद होतें.

या शाळांत एक युक्ति रूढ होती. पंतोजी एका मुलाचें अक्षर वळवीत बसला, कीं दुसरीकडे मोठीं मुलें लहानांकडून पावकी-निमकी म्हणवून घेत. मद्रासेकडे देशी शाळेंतील मुलें वाळूंत अक्षरें गिरवितांना पाहून तेथील अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनीं तो प्रकार आपल्या शाळेंत आणला, मुलांकडूनच मुलांस शिकविण्याचा प्रयोग केला, आणि १७९७ सालीं लंडनास त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. तिकडे जोसेफ लँकॅस्टर यानें याच कल्पनेचा कारखाना केला. एक शिक्षक आणि त्याच्या हाताखालीं मुलांतलेच नायक एवढ्या सामग्रीवर हजार मुलें शिकवितां येतात, असा त्याचा दावा. पुढें १८२० नंतर मुंबईंत देशी शाळांसाठीं स्थापन झालेल्या मंडळीनें हीच लँकॅस्टरी रीत सुधारणा म्हणून पत्करली. आमचेंच वाण जहाजांतून फिरून विलायती शिक्क्यानें परत आलें! मात्र मधल्या प्रवासांत त्याचा गुण पालटला होता. पंतोजी वीस मुलें नीट सांभाळावीं म्हणून मोठ्या मुलाची मदत घेई. नव्या रीतींत शेंकडों मुलांमागें एकच पगार पडावा म्हणून ती घ्यावयाची होती. शिक्षक हा खर्चाचा आंकडा होऊन त्याला मुलांच्या संख्येनें भागण्याची पद्धत येथून सुरू झाली.

वुडचा खलिता १८५४ चा. त्याच्या पुढच्या वर्षीं शिक्षणखातें आलें. इयत्ता आल्या, तपासणी आली, हजेरीचा पट आला. १८८२ च्या हंटर कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें त्यांत शिक्षकाविषयींचा भाग थोडा, पण नेमका आहे. शिक्षक शिकवून तयार केलेला असावा, तो शेतकरी वर्गांतून यावा, आणि त्याचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं तर पंधरा-वीस असावा, असें त्यांचें म्हणणें. मुलें शाळेंत यावयाचीं तर आधीं त्यांच्यांत मिसळणारा माणूस पोटभर खाऊन तेथें टिकला पाहिजे, हा त्यांतला व्यवहार आहे. पुढें १९११ सालीं गोखल्यांनीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें विधेयक मांडलें; दुसऱ्या वर्षीं ३८ विरुद्ध १३ मतांनीं तें फेटाळलें गेलें. मुलें फार आहेत, पैसा थोडा आहे, हा आक्षेप तेव्हांपासून कायमचाच झाला.

या आक्षेपाला सर्वांत धीट उत्तर दिलें तें रा. वि. परुळेकर यांनीं. मुंबईच्या म्युनिसिपल शाळांच्या कारभारांत मुरलेला हा माणूस. खात्यांतला आंकडा कसा तयार होतो हें त्यास आंतून ठाऊक होतें. १९२९ सालीं हार्टोग समितीनें असा सल्ला दिला होता, कीं शाळांचा विस्तार आवरावा, दुबळ्या शाळा मिटवाव्या, आणि ज्या राहतील त्या मजबूत कराव्या. दिसावयास हा सल्ला शहाणपणाचा. परुळेकरांनीं १९३९ मध्यें हिंदुस्थानांतील साक्षरतेवर इंग्रजींत ग्रंथ लिहून त्याच्या पायावरच घाव घातला. कोट्यवधि मुलें शाळेबाहेर असतां आंतल्या थोड्यांच्या शिक्षणाचा कस वाढवीत बसणें, म्हणजे भुकेल्यांच्या गांवांत निवडक पंक्तीला पक्वान्न वाढणें होय, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख. प्राथमिक शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग शिक्षकाच्या पगाराचा. तेव्हां एका शिक्षकाकडे अधिक मुलें द्यावीं, लागल्यास सकाळीं एक पाळी व दुपारीं दुसरी पाळी घ्यावी, पण दार उघडें करावें, असा त्यांचा आग्रह होता.

प्रस्तुत लेखकास हें प्रतिपादन प्रथम वाचतांना राग आला होता. महाविद्यालयांत आम्ही शंभर-सवाशें विद्यार्थ्यांपुढें उभे राहून बोलतों, आणि तें निभतेंही. पण आम्ही पुराणिक आहोंत. पहिलीच्या मुलाच्या हातांतली पेन्सिल धरून 'क्ष' काढून घ्यावा लागतो, आणि साठ मुलांचे हात एका दुपारीं धरतां येत नाहींत. ही गोष्ट परुळेकरांस कळत नव्हती असें मात्र नाहीं. त्यांनीं मोठ्या वर्गाचें गुणगान केलें नाहीं. त्याची किंमत मान्य करून, कशासाठीं ती मोजावयाची हें सांगितलें. वर्ग मोठा होईल तो बाहेरचें मूल आंत येण्यासाठीं. तें आंत येणार नसेल, तर त्या हिशेबाला त्यांच्या लेखीं कांहीं अर्थ उरत नव्हता.

आतां मुलें आंत आलीं आहेत. २००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला, आणि त्यानें पहिली ते पांचवीस तीस मुलांमागें व सहावी ते आठवीस पस्तीस मुलांमागें एक शिक्षक असें प्रमाण घातलें. पटावर साठ मुलें असेपर्यंत पहिली ते पांचवीला शिक्षक दोन. कागदावर हें प्रमाण नमुनेदार आहे. पण पांच इयत्तांस दोन शिक्षक म्हणजे एकाकडे दोन किंवा तीन इयत्ता, हें त्या प्रमाणांत दिसत नाहीं. सरासरीचा दोष हाच, कीं गांवांतली दाटी आणि वस्तीवरचा शुकशुकाट एकत्र करून ती एक समाधानकारक आंकडा देते.

शिवाय पटाला किंमत आली कीं पट खोटा होऊं लागतो. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर मुलांच्या बोटांस शाई लावून पटपडताळणी करण्यांत आली, तेव्हां लाखों नांवें केवळ कागदावरचीं निघालीं. तीं नांवें खोटीं होतीं, पण त्यांच्यावर मंजूर झालेलीं शिक्षकांचीं पदें खरीं होतीं. मे २०१२ पासून शिक्षकभरतीस बंदी आली आणि कित्येक वर्षें रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या. त्यापूर्वीं, २००० सालीं, नव्या शिक्षकास पहिलीं तीन वर्षें 'शिक्षणसेवक' म्हणून ठराविक मानधनावर ठेवण्याची योजना निघालीच होती. प्राथमिक शाळेंत तें मानधन आरंभीं महिना तीन हजार रुपये होतें. १८८२ चे बारा रुपये आठवावे, इतकेंच म्हणतों. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें संचमान्यतेचे निकष पुन्हां बदलले, आणि सहावी ते आठवीचा पट वीसाहून कमी भरला तर तेथें नियमित शिक्षकच मंजूर होणार नाहीं अशी वेळ आली. त्या वर्षीं सप्टेंबरांत राज्यांतील शिक्षक सामुदायिक रजा घेऊन रस्त्यावर आले. गणित परुळेकरांचेंच, पगार भागिले मुलें. फरक एवढाच, कीं परुळेकर तें दार उघडण्यासाठीं मांडीत होते, आणि येथें वस्तीवरच्या वीस मुलांचें दार त्यानें लोटलें जात होतें.

बारामती-इंदापूरकडे या हिशेबाचें आणखी एक अंग दिसतें. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या कोरड्या मुलखांत आलें, त्यामागून ऊस आला, आणि उसामागून माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथील कारखाने. दरवर्षीं दिवाळीच्या आगेंमागें बीड, अहिल्यानगर, धाराशिव या भागांतून कोयत्यावरचीं कुटुंबें येतात. पांच-सहा महिने फडाजवळ पालांत राहतात आणि उन्हाळ्यांत परततात. मुलें बरोबर असतात. त्यांच्यासाठीं कारखान्यांवर एके काळीं साखरशाळा चालत. कायदा आल्यावर वेगळी शाळा नको, जवळच्या नेहमींच्या शाळेंतच मूल दाखल व्हावें, असें ठरलें. तत्त्व योग्यच आहे. पण शाळेस शिक्षक किती मंजूर व्हावयाचे, तें ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरतें. त्या दिवशीं हें मूल बीडच्या पटावर असतें, आणि त्याच्या नांवानें जो शिक्षकाचा अंश मंजूर होतो तो तिकडे. महिन्याभरानें तें इंदापूर तालुक्यांतल्या एखाद्या दोन-शिक्षकी शाळेच्या दाराशीं उभें राहतें. गुरुजी त्याला परत पाठवीत नाहींत. तिसरी आणि चौथी एकत्र बसलेली असते तेथें मागें सरकवून जागा करून देतात. मार्चनंतर फड संपतो, पाल उठतें, आणि त्या जागेवर दप्तर नसतें. पुढच्या ३० सप्टेंबरला दोन्ही गांवांचे पट पुन्हां मोजले जातात, आणि मूल पुन्हां बीडच्या पटावर असतें.