नागपूरचे हिदायतुल्लाह

नववीच्या वर्गात सामान्य ज्ञान स्पर्धेची तयारी चालली होती. मी विचारले, "न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्लाह कोण होते?" पहिल्या बाकावरच्या मुलीने क्षणात उत्तर दिले, "भारताचे पहिले मुस्लीम सरन्यायाधीश, सर!" उत्तर बरोबर होते, गुण दिले आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने हळूच विचारले, "सर, ते मुस्लीम होते म्हणून त्यांना केलं का?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, पण मला नीट उत्तरही देता आले नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा माणूस मी. हिदायतुल्लाह मला त्या मुलीइतकेच ठाऊक होते, म्हणजे एका ओळीपुरते. आणि हे मी मनीषनगरात राहून सांगतो आहे. पूल ओलांडून वर्धा रोड धरला, सीताबर्डी मागे टाकली की सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाची ती भव्य दगडी इमारत लागते. याच नागपुरात या माणसाने सोळा वर्षे वकिली केली आणि दहा वर्षे न्यायदान केले. एवढे जवळ असून आम्हाला माहिती काय, तर 'पहिले मुस्लीम'.

मुलाचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला बसलो.

हिदायतुल्लाह यांचा जन्म १७ डिसेंबर १९०५ चा. वडील खान बहादूर हाफिज मोहम्मद विलायतुल्लाह मध्य प्रांतात सरकारी अधिकारी होते आणि उर्दूचे नावाजलेले शायरही. आजोबा मुन्शी कुदरतुल्लाह बनारसला वकील. मुलाचे शालेय शिक्षण रायपूरच्या सरकारी हायस्कुलात झाले. १९२२ मध्ये मॅट्रिक होऊन तो नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आला. हेच कॉलेज आज वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. तिथून केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज, १९३० मध्ये लिंकन्स इनची बॅरिस्टरी आणि त्याच वर्षी १९ जुलैला नागपुरात वकील म्हणून नोंदणी.

इथपर्यंतची कहाणी त्या काळच्या कोणत्याही खात्यापित्या, शिकलेल्या घराण्यातल्या मुलासारखीच आहे. ते गरिबीतून वर आले नव्हते, आणि आपण उगीच तसे रंगवू नये. मला जास्त रस वाटला तो पुढच्या वर्षांत. विलायतेहून आलेला हा तरुण बॅरिस्टर १९३१ ते १९३३ नागपूर नगरपालिकेचा सदस्य होता. १९३५ पासून आठ वर्षे त्याने विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयात शिकवले. पुढे नागपूर सुधार प्रन्यासावरही काम केले. मनीषनगरात प्लॉट घेऊन 'आर.एल.' पत्रासाठी चकरा मारलेल्या प्रत्येकाला प्रन्यास हा शब्द कसा ऐकू येतो ते मी वेगळे सांगायला नको! पण गल्ल्या, नाल्या आणि लेआउट यांच्या फायली पाहिलेला न्यायाधीश निराळा असतो, असे मला शिक्षक म्हणून वाटते. कायदा माणसांच्या दारापर्यंत कसा पोचतो, किंवा पोचत नाही, हे त्याला पुस्तकाबाहेरही दिसलेले असते.

नागपूरला स्वतःचे उच्च न्यायालय मिळाले जानेवारी १९३६ मध्ये. सिव्हिल लाइन्सची इमारत १९४० मध्ये सुरू झाली. हिदायतुल्लाह डिसेंबर १९४२ मध्ये सरकारी वकील झाले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता. वय सदतीस. १९४६ मध्ये ते याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

मग १९४७ आले.

त्यांचे थोरले बंधू मोहम्मद इक्रामुल्लाह आय.सी.एस. होते. फाळणीनंतर ते कराचीला गेले आणि पाकिस्तानचे पहिले परराष्ट्र सचिव झाले. एक भाऊ शेजारी देशाचे परराष्ट्र खाते उभे करतो आहे आणि दुसरा नागपूरच्या न्यायासनावर बसून इथल्या शेतकऱ्यांचे, मालगुजारांचे, सावकारांचे दावे ऐकतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. आपल्यापैकी कितीतरी घरांत असे झाले आहे. माझ्या आजीचा एक चुलतभाऊ तिकडे गेला होता. त्याचे नाव घरात निघाले की आवाज आपोआप खाली यायचा. अशा घरातल्या माणसाकडे संशयाने पाहणारे तेव्हाही होते, आजही आहेत. हिदायतुल्लाह यांनी यावर भाषणे ठोकत बसण्यापेक्षा आपले काम केले. १९४८ मध्ये त्यांनी पुष्पा शाह यांच्याशी लग्न केले. देशात आगी अजून धुमसत असताना एका मुस्लीम न्यायाधीशाने केलेल्या या लग्नाची चर्चा झाली नसेल असे मानायला मी तयार नाही.

३ डिसेंबर १९५४ ला ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले, तेव्हाचे देशातले सर्वांत तरुण. दोनच वर्षांत राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नागपूरचे राजधानीपण गेले, आणि वीस वर्षांचे ते उच्च न्यायालयही संपले. नागपूरकरांच्या मनातला हा सल जुनाच आहे. हिदायतुल्लाह नव्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून जबलपूरला गेले आणि १ डिसेंबर १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयात. वय बावन्न.

त्या मुलाच्या प्रश्नाचे साधे उत्तर खरे तर या तारखेतच आहे. सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने मिळत असे. फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यायमूर्ती वांछू निवृत्त झाले तेव्हा हिदायतुल्लाह ज्येष्ठतम होते, कारण ते लवकर आले होते. त्यांच्या आधी फजल अली, गुलाम हसन असे मुस्लीम न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात होऊन गेले, पण शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत कुणी पोचले नव्हते. हे पद त्यांना कुणी बहाल केले नव्हते.

योगायोग असा की, अमेरिकेत अवघ्या पाच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९६७ मध्ये, थर्गूड मार्शल हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले होते. मार्शल यांनी १९५४ चा 'ब्राउन' खटला लढवला होता, ज्यात काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या. तिकडे लोक मार्शलना त्यांच्या खटल्यांनी ओळखतात. आपण मात्र हिदायतुल्लाह यांना खुर्च्यांनी ओळखतो. सरन्यायाधीश, प्रभारी राष्ट्रपती, उपराष्ट्रपती. म्हणून इथे खुर्च्या बाजूला ठेवून दोन-तीन खटल्यांबद्दल लिहितो.

पहिला डॉ. राम मनोहर लोहियांचा. ऑगस्ट १९६५ मध्ये पाटण्यात आंदोलन पेटले आणि लोहियांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केले गेले. देशात १९६२ च्या चीन युद्धापासूनची आणीबाणी अजून चालूच होती. आदेशात कारण लिहिले होते 'कायदा आणि सुव्यवस्था'. नियमातले शब्द मात्र 'सार्वजनिक सुव्यवस्था' असे होते. वरवर पाहता फरक शब्दांचा. सरकार म्हणाले, अर्थ एकच.

हिदायतुल्लाह यांनी वाचकाला तीन वर्तुळे डोळ्यांसमोर आणायला सांगितले, एकात एक. सर्वांत मोठे कायदा व सुव्यवस्थेचे. त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे. सर्वांत आतले, छोटे, राज्याच्या सुरक्षिततेचे. दोन दारुडे रस्त्यात भांडले तर पहिल्या वर्तुळात गडबड झाली. त्यासाठी नेहमीचा फौजदारी कायदा आहे, पोलीस आहेत, कोर्ट आहे. खटल्याशिवाय माणसाला कोंडून ठेवायचे असेल तर गडबड आतल्या वर्तुळापर्यंत पोचली पाहिजे. हे दोघे दोन वेगवेगळ्या जमातींचे असले आणि त्यांच्यातला एक भावना भडकवू लागला, तर पुढच्या बिघाडाची भीती निर्माण होते, हेही त्यांनी सांगितले. पण भीती म्हणजे बिघाड नव्हे. लोहिया सुटले.

निकालाची तारीख होती ७ सप्टेंबर १९६५. आदल्याच दिवशी लाहोर आघाडी उघडली होती. देश पाकिस्तानशी युद्धात, आणि ज्यांचे दिवंगत बंधू त्या देशाचे परराष्ट्र सचिव होते असा न्यायाधीश युद्धकाळातल्या स्थानबद्धतेच्या आदेशात सरकारचा शब्द चुकला म्हणून माणूस सोडतो! त्या दिवशी सरकारच्या बाजूने लिहिणे त्यांना किती सोपे गेले असते. स्थानबद्धतेच्या खटल्यांत वकील आजही ही वर्तुळे काढतात. आपल्या मोहल्ल्यांतल्या ज्या पोरांवर असले आदेश निघाले असतील, त्यांच्या वकिलांनीही ती काढली असतील.

दुसरा खटला मुंबईचा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाचे संपादक करंजिया यांच्यावर बदनामीचा दावा चालला होता. एका साक्षीदाराने तक्रार केली की, साक्ष छापून आल्याने आपल्या धंद्याचे नुकसान होते. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी तोंडी आदेश दिला की, ही साक्ष छापू नये. 'ब्लिट्झ'चे बातमीदार नरेश मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. नऊ न्यायाधीश बसले, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर. मार्च १९६६ मध्ये निकाल लागला : आठ एका बाजूला, हिदायतुल्लाह एकटे दुसऱ्या बाजूला.

त्यांचे म्हणणे असे की, न्यायाधीशाच्या आदेशानेही नागरिकाचा मूलभूत हक्क मोडू शकतो, तेव्हा न्यायालयाने स्वतःला त्यातून वगळू नये. आणि कोर्ट उघडे असते ते साक्षीदाराच्या दुकानाची काळजी करण्यासाठी नाही. तारकुंडे आणि गजेंद्रगडकर दोघेही महाराष्ट्राच्या न्यायपरंपरेतली मोठी माणसे. तारकुंडे तर पुढे नागरी हक्कांच्या चळवळीचे आधारस्तंभ झाले. तरी या एका खटल्यात मला एकटे पडलेले हिदायतुल्लाह बरोबर वाटतात. कायदा मात्र बहुमताचाच राहिला.

पण सगळेच पटते असे नाही. १९६४ मध्ये रणजित उदेशी या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याचा खटला आला. डी. एच. लॉरेन्सची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' ही कादंबरी विकली म्हणून त्याला वीस रुपये दंड झाला होता. हिदायतुल्लाह यांनी शिक्षा कायम केली, तीही १८६८ सालच्या एका इंग्रजी कसोटीच्या आधारे. स्वतः इंग्लंडात १९६० मध्ये ज्युरीने ते पुस्तक निर्दोष ठरवून झाले होते. शायर बापाचा, साहित्यात मुरलेला हा माणूस इथे एवढा आखडता का झाला? मंटोवर अश्लीलतेचे खटले कसे चालले हे मुलांना सांगणाऱ्या माझ्यासारख्या उर्दू मास्तराला तो निकाल वाचताना त्रास होतो. ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने टाकून दिली २०१४ मध्ये. पन्नास वर्षे गेली मध्ये.

१९६९ चा उन्हाळा. राष्ट्रपती झाकिर हुसैन ३ मे रोजी वारले. उपराष्ट्रपती गिरी प्रभारी झाले, पण निवडणूक लढवायची म्हणून त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. राष्ट्रपती नाही, उपराष्ट्रपतीही नाही. मे महिन्यातच संसदेने कायदा करून ठेवला होता की, अशा वेळी सरन्यायाधीशांनी काम पाहावे. तसे हिदायतुल्लाह २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिभवनात होते. (त्याच २० जुलैच्या रात्री माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे दिल्लीतली ही घडामोड किती जणांनी वाचली असेल कोण जाणे.) महिनाभराच्या या काळात बँक राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकाला संमती देणे त्यांच्या वाट्याला आले. पुढे तोच कायदा सर्वोच्च न्यायालयात आव्हानाला आला. अकरा न्यायाधीशांचे खंडपीठ बसले, पण सरन्यायाधीश हिदायतुल्लाह त्यात नव्हते. आपण सही केलेल्या कायद्याचा न्याय आपणच कसा करणार? फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्द ठरला.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी, १५ डिसेंबर १९७० रोजी, संस्थानिकांच्या तनख्यांच्या खटल्यात त्यांच्या न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. मला संस्थानिकांबद्दल काडीचे प्रेम नाही. पण सरकारने दिलेला घटनात्मक शब्द एका हुकुमाने पुसता येतो का, हा प्रश्न तिथे होता, आणि तो फक्त राजेरजवाड्यांचा नव्हता.

उपराष्ट्रपतिपद १९७९ मध्ये बिनविरोध मिळाले, पाच वर्षे ते राज्यसभेचे सभापती होते. त्यावर फार लिहिण्यासारखे मला सापडले नाही. त्याहून आपल्या लोकांना उपयोगी पडले ते एक न दिसणारे काम. मुस्लीम व्यक्तिगत कायद्यावरचा मुल्ला यांचा ग्रंथ, जो प्रत्येक वकिलाच्या कपाटात असतो, त्याच्या नव्या आवृत्त्या त्यांनी संपादित केल्या. १९९० च्या आवृत्तीवर त्यांच्याबरोबर मुलगा अर्शद यांचेही नाव आहे. वडील तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. १८ सप्टेंबर १९९२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुढच्या आठवड्यात वर्गात फळ्यावर तीन वर्तुळे काढली. मागच्या बाकावरच्या त्या मुलाला उभे केले, ज्येष्ठतेचा नियम सांगितला, लोहियांचा खटला सांगितला. त्याने बराच वेळ फळ्याकडे पाहिले आणि विचारले, "सर, परवा आमच्या चौकात पार्किंगवरून भांडण झालं, पोलीस आले. ते कोणत्या वर्तुळात?"

मी खडू त्याच्या हातात दिला.