‘कादंबरी’ : एका संज्ञेचा इतिहास

साहित्याच्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडतात त्या व्याख्या. कादंबरी, कथा, नाटक, भावगीत अशा क्रमाने संज्ञा येतात आणि प्रत्येकीपुढे दोन-तीन वाक्यांत तिचे लक्षण सांगितलेले असते. त्यामुळे आधी प्रकार होता, मग त्याला नाव मिळाले, असा समज दृढ होतो. मराठीतील ‘कादंबरी’ या संज्ञेचा प्रवास या समजाला धक्का देणारा आहे.

सातव्या शतकात हर्षाच्या आश्रयास असलेल्या बाणभट्टाने रचावयास घेतलेली ‘कादंबरी’ त्याच्या मृत्यूनंतर पुत्राने पूर्ण केली. कादंबरी हे तिच्या गंधर्वकुलीन नायिकेचे नाव. संस्कृत साहित्यशास्त्राच्या दृष्टीने हा ग्रंथ ‘कथा’ ठरतो आणि बाणाचेच ‘हर्षचरित’ ‘आख्यायिका’ ठरते. भामहाने हे दोन प्रकार वेगळे मानले, तर दंडीने तो भेद नाकारला. म्हणजे दीर्घ गद्यकथनासाठी शास्त्राने घडविलेल्या संज्ञा उपलब्ध होत्या. एकोणिसाव्या शतकातील मराठीने मात्र त्या बाजूस ठेवून एका ग्रंथाचे विशेषनाम सामान्यनाम म्हणून स्वीकारले. कन्नडनेही हेच केले. बंगाली व हिंदी यांनी ‘उपन्यास’ हा शब्द योजला, तर गुजरातीने ‘नवलकथा’ रूढ केली.

मराठीत हे नाव एकाएकी स्थिरावले नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या ग्रंथाच्या पूर्ण शीर्षकात हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे ‘निरूपण’ असे शब्द येतात. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली या प्रकाराविषयी निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकात ‘नावल’ हा इंग्रजीवरून घेतलेला शब्द वापरला. हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्या ‘आजकालच्या गोष्टी’ म्हणून वाचकांपुढे आल्या. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली आपल्या निबंधास ‘कादंबरी’ हे शीर्षक दिले, तोवर मात्र हा शब्द समीक्षेच्या परिभाषेत मुरला होता.

या नामांतरांत केवळ शब्दांची अदलाबदल नाही. लेखनाविषयीच्या निरनिराळ्या अपेक्षा त्यांत व्यक्त झाल्या आहेत. ‘निरूपण’ म्हणताना प्रतिपादनाला अग्रमान मिळतो. ‘कादंबरी’ म्हणताना अद्भुताची, विरहाची आणि अलंकृत वर्णनाची परंपरा जागी होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या दुसऱ्या अपेक्षेशी सुसंगत आहेत. ‘मंजुघोषे’च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी या निवडीचे कारणही दिले आहे : हिंदूंच्या विवाहपद्धतीमुळे व इतर कारणांमुळे त्यांच्या दैनंदिन आयुष्यात मनोवेधक असे काही आढळत नाही, म्हणून रंजक ग्रंथ लिहिणाऱ्यास अद्भुताकडे वळावे लागते.

या कृतींना पाश्चात्त्य वास्तववादी कादंबरीचे माप लावून ‘अपरिपक्व’ ठरविणे सोपे आहे. पण मग ज्या नावाने त्या वाचल्या गेल्या, त्या नावातील अपेक्षेची दखल राहून जाते. उलट, केवळ नावाच्या आधारे त्यांचे समर्थन करणेही पुरेसे नाही. ज्या विवाहसंस्थेमुळे आयुष्य नीरस झाल्याचे रिसबूड सांगत होते, तिच्यातच कथनाचा विषय असल्याचे ‘यमुनापर्यटना’ने अकरा वर्षे आधी दाखविले होते. पुढे ‘करमणूक’ पत्रातून १८९० पासून क्रमशः आलेल्या ‘पण लक्षात कोण घेतो’मध्ये आपट्यांनी यमू या विधवेलाच निवेदक केले. घरातील रोजच्या घटनांनाच तेथे कथनाचे बळ लाभले. गंधर्वकन्येचे नाव कायम राहिले. त्याचा आशय मात्र या लेखनाने पालटला.

‘मराठीतील पहिली कादंबरी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तरही यावरच अवलंबून आहे. ‘यमुनापर्यटना’ला तो मान देताना आपट्यांनंतर स्थिर झालेला अर्थ मागे नेऊन लावला जातो, ‘मुक्तामाले’ला देताना संज्ञेचा मूळ संस्कार प्रमाण मानला जातो. दोन्ही उत्तरांना आधार आहे. मात्र कोणत्या अर्थाने, हे सांगणे अभ्यासकावर बंधनकारक ठरते. संज्ञेची व्याख्या पाठ करण्यापूर्वी ती कोणत्या कृतींनी घडविली हे पाहिले, तर व्याख्येचा उपयोगही कळतो आणि तिची मर्यादाही.