डोलकाठी आणि तिच्या तारा

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. बालाघाटाच्या डोंगरावर पडणारे पाणी गोदावरी-भीमेच्या वाटेने दूर बंगालच्या उपसागराला मिळते आणि अरबी समुद्र तर इथून एका रात्रीच्या बसप्रवासाइतका लांब. अशा मुलखात राहणाऱ्या वाचकांपुढे शिडाच्या नौकेचा इतिहास मांडायचा, म्हणजे आधी थोडी क्षमायाचना करावी लागेल. परंतु या विषयाचे मर्म दोराच्या ताणात आहे, आणि दोराचा ताण बीडच्या माणसाला कुणी शिकवावा? दसरा सरला की इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. उसाने भरलेल्या बैलगाडीवर दोर आवळणारा गडी एका बाजूने दोर ओढतो, दुसरीकडे जाऊन पाहतो, पुन्हा पहिल्या बाजूला येतो. दोर ढिला राहिला तर वळणावर मोळ्या कलतात आणि गाडी उलटते. फाजील आवळला तर तो तुटतो, किंवा गाडीच्या साट्यालाच इजा करतो. शिडाच्या नौकेवरची डोलकाठी उभी ठेवण्याची विद्या याहून फार वेगळी नाही. फरक इतकाच, की तिथे वळण संपत नाही आणि रस्ता स्वतःच हलत असतो.

आपल्या धर्मग्रंथातही या विद्येचे एक प्रकरण आहे. प्रेषितांच्या कृत्यांतील सत्ताविसावा अध्याय आपण बहुधा संत पौलाच्या विश्वासाची साक्ष म्हणून वाचतो. पण संत लूकने तो लिहिला आहे एखाद्या अनुभवी प्रवाशाच्या नजरेने. हिवाळा जवळ आला होता, प्रवास धोक्याचा होता, तसे पौलाने बजावलेही. पण शताधिपतीने तांडेल आणि तारवाचा धनी यांचे ऐकले. मग वादळ आले. खलाशांनी तारवाला खालून दोरखंड गुंडाळून आवळले, तिसऱ्या दिवशी तारवाचे सामान आपल्या हातांनी समुद्रात टाकले, चौदाव्या रात्री पाण्याची खोली मापली आणि मागच्या बाजूने चार नांगर सोडले. दोनशे शहात्तर माणसे माल्टाच्या किनाऱ्याला जिवंत लागली. तारू मात्र फुटले. प्रार्थना आणि दोरखंड यांत लूकला कुठेही विरोध दिसत नाही, ही गोष्ट मला नेहमीच विशेष वाटत आली आहे. पौल देवदूताचे वचन सांगतो आणि त्याच दमात, खलाशी तारवावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही, असेही बजावतो.

आता ती विद्या. शिडाच्या आधुनिक नौकेत डोलकाठी केवळ खाली रोवलेल्या बुंध्याच्या बळावर उभी नसते. तिला पुढून नाळेकडून एक तार धरते, मागून एक, आणि दोन्ही बाजूंनी दोन-तीन तारा. प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाला आटे असलेला स्क्रू असतो; तो फिरवला की तार ताणते किंवा सैल होते. वारा नसताना, धक्क्याला उभ्या नौकेवर कामाला सुरुवात करायची. डोलकाठीच्या शेंड्यापासून दोन्ही कठड्यांपर्यंतचे अंतर मोजायचे. ते सारखे भरले म्हणजे काठी मध्यावर आहे. मग दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखेच वेढे फिरवायचे, एका बाजूला चार तर दुसऱ्या बाजूलाही चार. पण एवढ्याने काम संपत नाही. खरी परीक्षा मध्यम वाऱ्यात, शिडे चढवून. नौका एका अंगावर कलली की बुंध्याशी बसून, काठीला डोळा लावून वर पाहायचे. ती सरळ दिसली पाहिजे. मध्येच बाक आला किंवा शेंडा एकीकडे झुकला, तर कोणती तार चुकली ते तिथेच कळते. वाऱ्याच्या आडच्या बाजूची तार थोडी सैल होणारच. पण ती लोंबू लागली तर प्रत्येक लाटेबरोबर काठीला हिसका बसेल, आणि असे हजारो हिसके बसले की पोलाददेखील थकते. मग नौका वळवून दुसऱ्या अंगावरही तेच पाहायचे. शेवटी स्क्रूंमध्ये पिना घालून ते पक्के करायचे, कारण समुद्राच्या थरथरीने स्क्रू आपोआप उलटे फिरतात. तंबोरा लावणाऱ्याला हे सारे ओळखीचे वाटेल. मात्र बेसूर तंबोऱ्याने कुणाचा प्राण जात नाही.

कोकणच्या जुन्या गलबतांचा प्रकार वेगळा होता. तिरक्या परबाणावर बांधलेले त्रिकोणी शीड, आणि काठीला आधार देणारे दोर वाऱ्याच्या बाजूला हलवून पुन्हा आवळायचे. तांडेलाच्या एका हाकेवर सहा-आठ माणसे धावत. उत्तन-वसईच्या किनाऱ्यावरचे आपले कोळी बांधव यंत्रे येईपर्यंत याच विद्येवर जगले. आता ऑगस्टमध्ये धर्मगुरू होड्यांना आशीर्वाद देतात तेव्हा त्यांवर इंजिने असतात.

एकट्या माणसाने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करायची, तीही कुठे न थांबता, हे प्रथम साधले ते मुंबईत बांधलेल्या नौकेने, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नाही. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे इंग्रज दर्यावर्दी व्यापारी जहाजावर अधिकारी होते. १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईत, कुलाब्याच्या गोदीत, सागवानाची बत्तीस फुटी 'सुहेली' बांधून घेतली. १४ जून १९६८ रोजी ते इंग्लंडमधील फाल्मथहून निघाले आणि २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतले. नऊ जणांच्या त्या शर्यतीत परिक्रमा पुरी करणारे ते एकटे. वाटेत नौकेला तळाशी गळती लागली, तेव्हा पाण्यात बुडी मारून त्यांनी ती फट स्वतः बुजवली. बक्षिसाची पाच हजार पौंडांची रक्कम त्यांनी शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकली.

भारतीय माणसाला मात्र यानंतर चाळीस वर्षे लागली. १९७१ च्या युद्धातील वीरचक्राचे मानकरी, व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी निवृत्तीनंतर हा ध्यास घेतला होता. फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात, राहून त्यांनी समुद्राचा पाठपुरावा केला! नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे पुढे आले, नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन शिकले, आणि नौका बांधणाऱ्याच्या शोधात गोव्यात दिवाडी बेटावर पोहोचले. तिथे रत्नाकर दांडेकर यांची फायबरच्या होड्यांची छोटी गोदी होती. अशी सागरगामी शिडाची नौका त्यांनी पूर्वी कधी बांधली नव्हती.

दिवाडी आपल्या वाचकांना परके नाही. सिंहली आणि तमिळ भाषांत विपुल लेखन करणारे धर्मगुरू जाकोम गोन्साल्विस याच बेटावरचे. मांडवीच्या पलीकडच्या तीरावर जुन्या गोव्याची मंदिरे दिसतात, जिथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे पवित्र अवशेष आहेत. ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बन सोडलेले झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. तेरा महिने! शिडांच्या त्या काळाचा विचार केल्याशिवाय आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास समजत नाही, असे मला वाटते.

दिवाडीवर घडलेली छप्पन्न फुटी नौका १२ फेब्रुवारी २००९ रोजी नौदलात दाखल झाली. तिचे नाव 'म्हादेई'. मांडवीचे वरच्या खोऱ्यातले नाव तेच. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे तिच्यासह मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन असे चार मुक्काम करून मे २०१० मध्ये परतले. एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

त्यानंतर केरळचे अभिलाष टॉमी त्याच नौकेतून विनाथांबा परिक्रमेला निघाले, तो दिवस होता १ नोव्हेंबर २०१२, सर्व संतांचा सण. ते मुंबईला परतले ३१ मार्च २०१३ रोजी. त्या दिवशी ईस्टर होता. अर्थात केप हॉर्नसारखी ठिकाणे दक्षिणेकडच्या उन्हाळ्यात गाठावी लागतात, त्यामुळे निघण्याचा हंगाम वाऱ्यांच्या गणितानेच ठरतो, हे मी जाणतो. तरीही पंचांगातला हा योग नोंदवण्याचा मोह आवरत नाही.

या कथेचा कठीण भाग पुढे आहे. 'सुहेली'च्या पराक्रमाला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली जुनी शर्यत पुन्हा भरवण्यात आली. साधने जुनीच, उपग्रहाच्या दिशादर्शनाविना. टॉमी यांची नौका 'थुरिया' ही 'सुहेली'चीच प्रतिकृती, तीही दांडेकरांनी गोव्यात बांधलेली. १ जुलैला फ्रान्सहून निघालेले टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियापासून सुमारे एकोणीसशे सागरी मैलांवर, वादळाने नौका उलटून पूर्ण फिरली. डोलकाठ्या मोडल्या, आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. उठताही येत नसलेल्या अवस्थेत ते आत पडून होते. त्याच वादळात डोलकाठी गमावलेला आयर्लंडचा ग्रेगर मॅकगकिन तात्पुरती काठी उभारून त्यांच्या दिशेने निघाला. प्रतिस्पर्धी होता तो! २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने टॉमी यांना उचलले. 'थुरिया' मात्र समुद्रातच राहिली.

त्या शर्यतीत पाच नौकांच्या डोलकाठ्या गेल्या आणि पाचच जण शर्यत पुरी करू शकले. जिंकला तो फ्रान्सचा जाँ-लुक व्हाँ देन हीद, वय वर्षे त्र्याहत्तर. त्याचीही नौका नोव्हेंबरमध्ये प्रशांत महासागरात लाटेने आडवी केली होती. बाजूच्या खालच्या तारा काठीशी जिथे जोडलेल्या होत्या, तिथला बोल्ट काठी चिरत खाली सरकला आणि तारा सैल पडल्या. धैर्यवान माणूस शिडे तशीच ठेवून पुढे गेला असता; हा अनुभवी होता, त्याने आधी शिडे उतरवली. मग पुन्हा पुन्हा काठीवर चढून त्याने तो जोड बांधून काढला, तारा जमतील तशा ताणल्या आणि कमी शिडांवर उरलेला अर्धा प्रवास केला. शीड कमी करावे का, असा प्रश्न मनात आला की ते कमी करण्याची वेळ झालेली असते, असे दर्यावर्दी सांगतात. कंबरेचा पट्टा नौकेला अडकवल्याशिवाय रात्री बाहेर पडू नये, हाही त्यांचा तितकाच जुना दंडक. यात वीरश्री नाही; म्हणूनच बहुधा गोष्टींत हा भाग गाळला जातो.

टॉमी यांच्या कण्यात धातूच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. चालणे पुन्हा शिकून, ४ सप्टेंबर २०२२ रोजी ते त्याच शर्यतीत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर.

मराठवाड्यातून समुद्र दिसत नाही, असे आरंभी म्हटले ते पुरते खरे नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक जहाज रंगवलेले आहे. त्याला तीन डोलकाठ्या आहेत, उंच शिडे आहेत, सुकाणूची वल्ही आहेत आणि मागच्या बाजूला रांजण मांडलेले आहेत. सह्याद्रीच्या अलीकडे, वाघूर नदीच्या घळीत, कुणा चित्रकाराला ते तपशील ठाऊक होते. अजिंठ्याच्या चित्रातील पाचव्या शतकातल्या जहाजाचा आधार घेऊन, एकही खिळा न ठोकता, काथ्याने फळ्या शिवून बांधलेले 'कौंडिण्य' २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. ते बांधणारेही गोव्याचे दांडेकरच. चौकोनी शिडांचे हे जहाज हाकण्याची रीत सांगणारा कुणी तांडेल आज हयात नाही. त्यामुळे कोणता दोर किती ताणायचा, हे त्याच्या खलाशांना समुद्रावर जाऊनच शिकावे लागले.