बालवाडीतल्या खेळण्यांचे ऋण



आपल्या मंडळाच्या बालवाडीत एक लाकडी फळी आहे. तिच्यात गोल, चौकोन, त्रिकोण, चांदणी अशा आकारांच्या खाचा आहेत आणि त्या त्या खाचेत नेमके बसणारे ठोकळे आहेत. शिवाय मणी आहेत, बटणे लावण्या-काढण्याच्या चौकटी आहेत, बोटाने गिरवायची खरखरीत कागदाची अक्षरे आहेत. आपली मुले-नातवंडे या साधनांशी रमतात आणि खेळता खेळता शिकतात. पण ही साधने मुळात कोणासाठी तयार झाली, हे आपल्यापैकी फार थोड्या जणींना ठाऊक असेल. ती हुशार मुलांसाठी झाली नाहीत. ‘याला काही शिकवता यायचे नाही’ असे म्हणून जगाने ज्यांना कोपऱ्यात बसवले, अशा मुलांसाठी ती झाली, आणि त्यांच्याकडून ती आपल्या मुलांकडे आली.

त्या प्रवासाची हकीकत या स्मरणिकेत सांगावी असे मनात आले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी आहे. पण आमच्या वन्संचा मुलगा असा आहे. त्याच्या निमित्ताने मी वाचीत गेले, जाणत्यांना विचारीत गेले. जेवढे नीट कळले तेवढेच येथे लिहिते. पूर्वी अशा मुलांना वेडसर, मंदबुद्धी, मतिमंद म्हणत. आज बौद्धिक दिव्यांग म्हणतात. जुनी गोष्ट सांगताना जुना शब्द आला, तर त्यात अनादर नाही एवढे ध्यानात घ्यावे.

गोष्ट सुरू होते फ्रान्स देशात. त्या देशाच्या दक्षिणेस अव्हेरों नावाचा डोंगराळ मुलूख आहे. १८०० सालच्या जानेवारी महिन्यात, ऐन थंडीत, तेथील एका गावात रानातून एक मुलगा आला. वय अकरा-बारा असावे. अंगावर एका फाटक्या सदऱ्याच्या चिंध्या. त्याला बोलता येत नव्हते, आणि माणसांत राहण्याची सवयही नव्हती. पुढे त्याला पॅरिसला मुक्या-बहिऱ्यांच्या संस्थेत आणले. पिनेल नावाच्या नामांकित डॉक्टरांनी त्याला तपासून सांगितले, की हा जन्माचा मंदबुद्धी आहे, याच्यात सुधारणा होणे नाही. पण त्याच संस्थेतील इतार नावाच्या तरुण डॉक्टरांना ते पटले नाही. त्यांनी त्या मुलाचे नाव ठेवले व्हिक्टर आणि त्याला शिकवायला घेतले.

इतारांनी काय केले, ते आपण आयांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे. पाटी-पुस्तकापासून त्यांनी सुरुवात केलीच नाही. ऊन पाण्याच्या स्नानांनी त्याची कातडी जागी केली. तीन पेले उपडे घालून एकाखाली खायची वस्तू लपवायची, पेले इकडचे तिकडे करायचे आणि ती शोधायला सांगायचे, असा खेळ मांडला. म्हणजे नजर ठरू लागली. मग किल्ली, कात्री, हातोडी यांची चित्रे फळीवर काढून ज्या त्या चित्रावर ती ती वस्तू लावायला शिकवले. त्यानंतर फळीवर तांबडे वर्तुळ, निळा त्रिकोण, काळा चौकोन चिकटवला आणि तसेच पुठ्ठ्याचे आकार त्याच्या हाती दिले. मग रंग काढून घेऊन नुसते आकार ठेवले. शेवटी अक्षरे दिली. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा एवढीशीच उंच.

फ्रेंच भाषेत ‘दूध’ हा शब्द चार अक्षरांनी लिहितात. ती चार अक्षरे मांडली की दूध मिळते, असे व्हिक्टरला दाखवले होते. एके दिवशी संध्याकाळी फिरायला निघताना त्याने आपण होऊन ती चारही अक्षरे खिशात घातली. ज्या घरी त्याला रोज दूध मिळे, तेथे पोचताच त्याने ती टेबलावर ओळीने मांडली! तोंडाने शब्द निघत नव्हता, पण मागणी खिशातून बाहेर पडली. मुक्या मुलाला वाचा देणारी जी साधने आज निघाली आहेत, त्यांची आजी म्हणजे ही चार अक्षरे, असे मला वाटते.

व्हिक्टर अखेरपर्यंत बोलू शकला नाही. पाच-सहा वर्षांनी इतारांनी आपले काम थांबवले. ज्या आशेने त्यांनी सुरुवात केली होती ती पुरी झाली नव्हती. पण या कथेत आणखी एक व्यक्ती आहे, आणि तिचे नाव मागे पडते. ती म्हणजे मादाम गेरँ. व्हिक्टरचे न्हाणे-धुणे, खाणेपिणे, फिरवून आणणे हे सारे या बाईकडे होते. तिचा नवरा वारला, तेव्हाची गोष्ट इतारांनीच लिहून ठेवली आहे. व्हिक्टर रोज जेवणाची पाने मांडीत असे. त्याने सवयीप्रमाणे त्या गृहस्थांचेही पान मांडले. ते पाहून बाईंच्या डोळ्यांना पाणी आले. व्हिक्टरने ते पाहिले, पान उचलले, जागच्या जागी ठेवून दिले आणि पुन्हा कधीही मांडले नाही. ज्याला अक्कल नाही असे मोठ्या डॉक्टरांनी सांगितले, त्याला हे कळले. इतारांनी काम सोडल्यावरही मादाम गेरँनी त्याला सोडले नाही. १८२८ साली तो वारला, तोवर तो तिच्याजवळच होता.

इतारांचे शिष्य सेगँ. १८३७ साली त्यांनी गुरूंच्या मार्गदर्शनाखाली एका मंदबुद्धी मुलाला शिकवायला घेतले आणि मग तेच आयुष्याचे काम केले. त्यांचे म्हणणे असे, की आधी हातपाय वळणावर यावेत, मग डोळे-कान-बोटे शिकावीत आणि त्यांच्या वाटेने बुद्धी जागी व्हावी. १८४६ साली त्यांनी आपल्या पद्धतीवर मोठा ग्रंथ लिहिला. पुढे ते अमेरिकेस गेले आणि १८६६ साली इंग्रजीतून दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला. खाचांत ठोकळे बसवायची ती फळी यांचीच. ‘सेगँची फळी’ म्हणूनच ती ओळखली जाते. आजही आपल्याकडे मुलाची बौद्धिक वाढ तपासताना इस्पितळात तीच फळी पुढे ठेवतात. आमच्या वन्संनी ती तिथेच प्रथम पाहिली.

या दोघांचे ग्रंथ धूळ खात पडले असते, तर हकीकत इथेच संपली असती. पण इटली देशात मारिया माँटेसरी ही मुलगी १८९६ साली डॉक्टर झाली. रोमच्या वेड्यांच्या इस्पितळात मोठ्या माणसांबरोबरच मंदबुद्धी मुलेही डांबलेली तिने पाहिली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे तिच्या मनाने घेतले. तिने इतार व सेगँ यांचे ग्रंथ शोधले आणि नीट समजावेत म्हणून ते स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले. १९०० सालापासून दोन वर्षे रोममध्ये अशा मुलांची शाळा तिने चालवली. दिवसभर मुलांबरोबर असायचे आणि रात्री टिपणे लिहायची.

तिथली एक गोष्ट आपल्या शिवणवर्गातल्या भगिनींना फार आवडेल. अकरा वर्षांच्या एका मुलीला रफू काही केल्या जमेना. सुई एका धाग्याखालून आणि एका धाग्यावरून न्यायची, हेच तिच्या हाताला कळेना. बाईंनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदाच्या पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी खाली, एक पट्टी वर. ते हातात बसले, मग पुन्हा सुई दिली. मुलगी रफू करू लागली! यावरून बाईंनी असे ताडले, की काम येत नसेल तर तेच काम पुन्हा पुन्हा करायला लावून उपयोग नाही; त्या कामातली हालचाल आधी दुसऱ्या, सोप्या वाटेने हाताला शिकवावी. लिहिण्यालाही तिने हाच न्याय लावला. लाकडी अक्षरांवरून आधी बोट फिरवायचे, मग हाती लेखणी द्यायची. खरखरीत कागदाची अक्षरे पुढे त्यातूनच आली.

त्या मुलांपैकी काही लिहायला-वाचायला शिकली आणि साध्या मुलांबरोबर परीक्षेत उतरली. लोकांनी तोंडात बोटे घातली. पण माँटेसरीबाईंना निराळाच प्रश्न पडला. ही मुले एवढे करू शकतात, तर शाळेतली धडधाकट मुले एवढी मागे का? १९०७ सालच्या ६ जानेवारीस रोमच्या गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह उघडले आणि तीच साधने, आणखी सुधारून, साध्या मुलांच्या हाती दिली. पुढची कीर्ती सर्वांना माहीत आहे.

आपल्याकडे ही पद्धत भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेकांनी रुजवली. तिथेच १९२३ साली ताराबाई मोडक जाऊन मिळाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. स्वतः माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासला अड्यार येथे आल्या, आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांचा मुक्काम हिंदुस्थानातच झाला. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींमध्ये गेले. विलायती साधने महाग, म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने केली. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने देशभर ज्या अंगणवाड्या काढल्या, त्यांची वाट अशी आधीच पाडलेली होती.

आता मनाला लागणारी गोष्ट सांगते. साधने बालवाडीत पोचली, पण ज्यांच्यासाठी ती झाली ती मुले दाराबाहेरच राहिली. मुंबईत जय वकील या बाईंनी आपल्या मुलीसाठी म्हणून १९४४ साली अशा मुलांची शाळा काढली, ती आजही चालू आहे. पण मुंबईपासून दूर राहणाऱ्या आईने काय करावे? आमच्या वन्संच्या मुलाला एका बालवाडीने दोन दिवसांत परत पाठवले. तो ओरडतो, एका जागी बसत नाही, इतरांचा खोळंबा होतो, असे सांगितले. गावाचे नाव येथे सांगत नाही. पण त्या बालवाडीत खाचांची फळी होती, मणी होते, बटणांची चौकटही होती!

मग वन्संनीच घरी शाळा मांडली. एका प्रशिक्षित बाईंनी त्यांना चित्रांच्या चिठ्ठ्यांची रीत दाखवली. १९८५ साली अमेरिकेत या रीतीची नीट बांधणी झाली. पाणी हवे तर मुलाने तांब्याचे चित्र आणून हातात द्यायचे. ते दिले की लगेच पाणी द्यायचे. महिना-सव्वा महिन्यात ओरडणे निम्म्यावर आले, कारण ओरडणे हीच त्याची भाषा होती आणि आता त्याला दुसरी भाषा मिळाली होती. सदरा घालायला शिकवताना सारी बटणे वन्संनी लावायची आणि शेवटचे त्याने. ते जमले की शेवटची दोन त्याने. म्हणजे काम पुरे केल्याचा आनंद दर वेळी त्यालाच मिळतो. भिंतीवर दिवसाची चित्रे ओळीने लावली आहेत: दात घासणे, आंघोळ, नाश्ता, खेळ. पुढे काय होणार हे कळले, की तो घाबरा होत नाही.

आता तर चित्रावर बोट ठेवले की शब्द उच्चारणारी साधने मोबाइल फोनवर आली आहेत. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ आहे; मुंबईच्या आयआयटीने केलेले ‘जेलो’ विनामूल्य असून मराठीही बोलते. वन्संच्या मुलाने त्यावरून पहिल्यांदा ‘आई’ म्हटले, तेव्हा तो आवाज यंत्राचा होता. पण बोट त्याचे होते आणि हाक त्याची होती. मात्र यंत्र आणले म्हणजे काम झाले असे कोणी समजू नये. चित्र दाखवल्यावर पाणी देणारे माणूस समोर हवे. अक्षरे इतारांनी दिली, तरी रोजचे करणे-सवरणे मादाम गेरँनी केले, हे विसरून चालणार नाही.

कायदाही आता या मुलांच्या बाजूला आहे. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारमान्य शाळेत भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे, आणि सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०२३ साली अंगणवाड्यांसाठीही दिव्यांग बालकांना सामावून घेण्याची रीत केंद्र सरकारने ठरवून दिली. पण कायदा दारापर्यंत आणतो. आत घेणे आपल्या हाती असते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. येत्या वार्षिक सभेत एवढे तीन ठराव व्हावेत. आपल्या बालवाडीत असे मूल आले, तर त्याला परत पाठवू नये. अशा प्रत्येक मुलामागे आपल्यापैकी एकीने पाळीपाळीने दोन तास बालवाडीताईंच्या मदतीला बसावे. आणि तालुक्याच्या गावाहून प्रशिक्षित बाईंना वर्षातून दोनदा बोलावून आपण सर्वजणींनी चित्रांच्या चिठ्ठ्या करायला शिकावे. खर्च पुठ्ठ्याचा आणि डिंकाचा. पापडांच्या विक्रीतून तो सहज निघेल. पाळीच्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.

दोनशेहून अधिक वर्षे झाली. त्या मुलांनी शिकता शिकता ही साधने घडवली आणि आपल्या मुलांनी ती वापरली. ऋण आपल्या अंगावर आहे. ते फेडायला मोठी विद्या लागत नाही. दार उघडे ठेवणे आणि जवळ बसणे, एवढे आपणा साऱ्याजणींना येते.