लायबेरियाचे मुंगूस : आधी कवटी, मग प्राणी

मुंगूस म्हटलं की आपल्याला साप आठवतो, गारुड्याचा खेळ आठवतो. पण आज आपण ज्या मुंगसाचा इतिहास पाहणार आहोत, त्याचं मुख्य अन्न आहे गांडुळं! पश्चिम आफ्रिकेत, लायबेरिया आणि शेजारच्या आयव्हरी कोस्टमधल्या दाट सदाहरित जंगलात ते राहतं.

सुरुवात 1958 पासून करू. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले आर. डब्ल्यू. हेमन यांनी त्या वर्षी या प्राण्याला ‘लायबेरिक्टिस कुनी’ असं शास्त्रीय नाव दिलं. नावाचा पहिला भाग देशावरून, दुसरा कून या जर्मन प्राणिशास्त्रज्ञावरून. आणि हे सगळं कशाच्या आधारावर? तर कवट्यांच्या.

आता कवटी काय सांगते? मुस्कट लांबट आहे, दात देहाच्या मानाने बारीक आहेत. म्हणजे हा प्राणी मोठी शिकार फाडणारा नसावा, ओल्या मातीत नाक खुपसून खाणं शोधणारा असावा. पण रंग कवटी सांगत नाही. मानेवरचा गडद पट्टा आणि त्याच्या कडेच्या फिकट रेघा, ही या मुंगसाची ओळखीची खूण, कवटीत कुठून दिसणार? अख्ख्या प्राण्याची माहिती शास्त्रीय नियतकालिकात आली ती 1974 साली, म्हणजे 16 वर्षांनी. जिवंत मुंगूस संशोधकांच्या हाती लागलं 1989 मध्ये. ते कॅनडातल्या टोरांटोच्या प्राणिसंग्रहालयात ठेवण्यात आलं.

इथे आपण जरा थांबू. ‘शोध लागला’ असं आपण सहज म्हणतो. कुणाला लागला? लायबेरियातले शिकारी कुत्री आणि बंदुका घेऊन या मुंगसाची शिकार करत आले आहेत, त्याचं मांस खात आले आहेत. लंडनमध्ये कवटीवरून तर्क चालले होते, तेव्हा मानेवरचा पट्टा त्यांच्या रोजच्या पाहण्यातला असणार. विज्ञानाने नाव दिलं, वर्गीकरणात जागा दिली, हे काम मोठंच. पण ओळख त्याआधीची होती. नैसर्गिक इतिहास लिहिताना ही दुसरी बाजू बहुधा सुटते.

पुढे काय झालं? 1989 च्याच डिसेंबरात लायबेरियात यादवी युद्ध पेटलं. अधूनमधून खंड पडत ते 2003 पर्यंत चाललं. अशा काळात जंगलात जाऊन मुंगूस कोण शोधणार? अलीकडे स्वयंचलित कॅमेऱ्यांनी त्याची छायाचित्रं टिपली आहेत. आयव्हरी कोस्टच्या ताई राष्ट्रीय उद्यानातही त्याची नोंद आहे.

शिकारीचा धोका आहेच, त्याहून मोठा धोका जंगलतोडीचा. झाडं गेली की माती उघडी पडते, सुकते. आणि सुक्या मातीत गांडुळं कुठली? हे जंगल राहिलं नाही, तर या मुंगसाचा इतिहास जिथून सुरू झाला तिथेच संपेल. म्हणजे संग्रहालयातल्या कवट्यांपाशी.